पाणी गार कधी होतं

२० एप्रिल

बल्झिया,

तू म्हणालीस, फोनवर तुझं तोंड फार चालतं, बोलण्यात गुंडाळतोस, तेव्हा फोन नको, लिही. म्हणून लिहितोय. माझी शाळा किती झाली तुला ठाऊक आहे. अक्षराला हसलीस तर निदान एकटी हस, तुझ्या भावाला वाचून दाखवू नकोस. नुर्ताझा आधीच मला वाऱ्याच्या पोटचा म्हणतो.

तुझी अट विसरलेलो नाही. नुर्ताझाच्या गाडीपाशी पाठीवर हात टेकून तू उभी होतीस आणि म्हणालीस, "चार कामं सोडलीस. आता पाचवं शोध. बाळ येईपर्यंत एका जागी टिकलास तर बाळाला घेऊन मी तुझ्याकडे येईन. नाही टिकलास तर सरकंदला आईकडेच राहीन, आणि मग यायचं नाव काढू नकोस." तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्यामुळे मला खरं वाटलं.

तुझ्या आईनं, आपानं, मला बाजूला घेऊन काय सांगितलं ते तू ऐकलं नसशील. ती म्हणाली, "पोरगी मोकळी होईपर्यंत हिरवं काही मुळासकट उपटू नकोस. बापानं हिरवं उपटलं तर पोटातलं हिरवं सुकतं." मी मान डोलावली. लहानपणी आईनंही याच गोष्टीवरून माझ्या हातावर मारलं होतं.

काम मिळालंय. विजेचं केंद्र आहे, उत्तरेतल्या माळावर, एका मोठ्या सरोवराकाठी. मला वाटलं होतं कोळसा ओढायला लावतील. लावलं कशाला, तर पाण्यातलं गवत काढायला. इतक्या मोठ्या धुरांड्यांच्या पायाशी उभं राहून माणूस दाताळ्यानं गवत ओढतो, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या टोळीचे मुकादम काब्देन-अगा. वयस्क माणूस, दात सोन्याचे, बोलणं खडीसारखं. पहिल्याच दिवशी विचारलं, "किती दिवस राहणार आहेस ते सांग, त्या हिशेबानं तुझं नाव पाठ करतो."

बाळ जुलैच्या शेवटी म्हणालीस ना. तोपर्यंत मी इथंच.

येसबोल


१७ मे

बल्झिया,

उत्तर आलं नाही. पाठवायचं नसेल तर नको पाठवू, पण पत्र पोचतंय का तेवढं कुणाकडून तरी कळव.

सरोवरातून केंद्रात पाणी नेणारा एक कालवा आहे. त्याच्या टोकाला उभ्या लोखंडी जाळ्या. वसंतात बर्फ गेला की कालव्याच्या दोन्ही काठांचा वेत आणि पाणगवत काढायचं. डावा काठ दलदलीचा, तिथं यंत्र जात नाही, माणसानंच उतरायचं. तो पट्टा मला दिला. कुंपणापासून जाळ्यांपर्यंत.

माझं काम संपलं. काठावर ढीग केवढा झाला म्हणशील, पाच गाड्यांचं वाळलेलं गवत असावं तसा. काब्देन-अगांनी दुरूनच पाहिला, मान हलवली आणि उजव्या काठाच्या पोरांवर ओरडायला गेले.

आपाला सांग, मी तिचं ऐकलंय.

एक गोष्ट विचारून ठेवतो, तुझा मामा मास्तर आहे, त्याला विचार. इथं माणसं दिवसरात्र आग पेटवतात आणि सगळेजण थंडीची वाट बघतात. मी काब्देन-अगांना विचारलं. ते म्हणाले, लग्नाच्या मेजवानीचा तंबू डोळ्यांपुढे आण. आतले जेवून उठले तरच बाहेरचे आत येतील. वाफ म्हणजे पाहुणे. विजेचं चाक फिरवून झालं की तिनं उठलं पाहिजे. गार पाण्याच्या नळ्यांना लागली की तिचं पाणी होतं, जागा रिकामी होते, मागची वाफ जोरानं आत ओढली जाते. पाणी कोमट असेल तर पाहुणे उठतच नाहीत, दारात गर्दी. कोळसा तेवढाच जळतो, वीज कमी.

म्हणजे चाक आगीनं फिरतं की रिकाम्या जागेनं? मला तंबूच आठवत राहिला. आपल्या लग्नाचा. तुझी ती काकू तीनदा जेवायला बसली होती.

येसबोल


९ जून

बल्झिया,

काल एका ट्रकवाल्यानं पुडकं दिलं. कापडात बांधलेला कुर्त, तेच खारट सुक्या दह्याचे खडे. चिठ्ठी नाही. पुडकं तीनदा उलटंपालटं केलं, कापडही झटकलं. गाठ तुझीच आहे, ती कुणालाही सुटत नाही, दातानं सोडवली. पण याचा अर्थ काय? पत्रं मिळाली असा? की आपानं पाठवलाय आणि तू फक्त गाठ मारलीस? काब्देन-अगांना एक खडा दिला. चघळत म्हणाले, "बायको रागावलेली आहे. मीठ जास्त आहे." नंतर म्हणाले, रागावलेली बायको कुर्त पाठवत नाही. मग काय ते नीट सांगा म्हटलं तर दुसरा खडा मागितला.

ऊन चढलंय. इथं एक बाई आहेत, रिम्मा गेनरिखोव्ना, पाळीच्या मुख्य इंजिनियर. जर्मन घराण्यातल्या, पण कझाक आपल्यापेक्षा स्वच्छ बोलतात. परवा जाळ्यांपाशी आल्या, पाण्यात हात बुडवला आणि तसाच धरून उभ्या राहिल्या, आपा पिठाचा अंदाज घेते तशा. मला म्हणाल्या, "तूही घाल." मी घातला. "कसं लागतं?" म्हटलं, चांगलं कोमट, अंघोळीला बरं. त्या म्हणाल्या, "तेच वाईट आहे."

आत नेऊन मला वीज किती बनते ते दाखवणारा एक काटा दाखवला. हिवाळ्यात तो इथं वर असतो, आता इथं, जुलैत पार खाली इथंवर येतो. तेवढ्या अंतरात एका अख्ख्या गावाचे दिवे जातात म्हणे. सरोवरात एका अंगानं गरम पाणी सोडतात, दुसऱ्या अंगानं घेतात, मध्ये लांब बंधारा. गरम पाण्यानं सगळा वळसा घालून निवत यायचं. पण दक्षिणेचा वारा सुटला की ते सरळ आपल्या तोंडाशी ढकललं जातं. बाईंनी हे सगळं मला का सांगितलं कळलं नाही. बहुधा मी विचारत राहतो म्हणून. निघताना म्हणाल्या, "ऊन माझ्या हातात नाही, वारा नाही. जाळ्या तेवढ्या स्वच्छ ठेवा."

मी हो म्हटलं. खोलीवर आलो तर झोप नाही.

पोट कसं आहे? पाय सुजतात का अजून?

येसबोल


८ जुलै

बल्झिया,

हे लिहू की नको, दोनदा फाडलं. 

आपाला एक विचारशील? माझं नाव न घेता विचार. हिरवं उपटू नये हे पाण्यातल्या गवतालाही लागू आहे का? आणि समजा एखाद्यानं उपटलं नाही, पण न उपटल्यामुळे दुसरं काही बिघडलं, तर ते कुणाच्या माथी?

उगाच विचारतोय. काही झालेलं नाही. ऊन मात्र असं आहे की कावळेसुद्धा जाळ्यांच्या सावलीत बसतात. काब्देन-अगा माझ्या काठावरून चालत गेले, थांबले, पुन्हा चालू लागले. नजर त्यांची अधू आहे. पण किती अधू, ते मला माहीत नाही.

कामावरचा एक पोरगा तेंगिझला निघालाय, समुद्रावर, तेलाच्या विहिरींवर. म्हणाला, चल. मी नाही म्हटलं. हे तुला कळावं म्हणून लिहितोय. नाही म्हटलं.

येसबोल


२१ जुलै, बसस्थानक

बल्झिया,

आता खरं लिहितो. माझी पिशवी पायाशी आहे.

वसंतात मी माझ्या पट्ट्यातलं फक्त वाळकं काढलं. गेल्या वर्षीच्या वेताचा ढीग केला, तोच सगळ्यांना दिसला. पाण्याखाली बोटभर हिरवे कोंब वर येत होते, मऊ, नुसत्या हातानं निघाले असते. मी पाण्यात उतरलो, पहिला कोंब चिमटीत धरला आणि मला तुझं पोट दिसलं. सोडून दिला. मग दुसराही सोडला. मग सगळेच. वर आलो आणि म्हटलं, झालं. तुलाही तेच लिहिलं.

तेच कोंब आता घोड्याच्या शेपटाएवढे झालेत. काल दक्षिणेचा वारा सुटला, गरम पाणी सरळ आमच्याकडे आलं, लाटा उठल्या आणि माझ्या पट्ट्यातलं निम्मं गवत एकदम सुटून जाळ्यांना जाऊन चिकटलं. हिरवी भिंत. आत पाणीच जाईना. काटा पडायला लागला. आज दुपारपर्यंत वीज बनवणारा एक संच निम्म्यावर आणला, मग त्याहूनही खाली. सगळ्या टोळ्या काठावर आल्या, दाताळी, आकडे, हात, जे मिळेल ते.

रिम्मा गेनरिखोव्ना आल्या. ओरडल्या नाहीत. पाण्याकडे बघत विचारलं, "डावा काठ कुणाचा?"

काब्देन-अगा म्हणाले, "माझ्या टोळीचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गप्प राहिलो, बल्झिया. जेवणाची सुट्टी झाली, मी खोलीवर गेलो, पिशवी भरली आणि इथं आलो. पाय आपोआप आले. त्यांना सवय आहे, तूच म्हणतेस.

तुला हसू येईल अशी एक गोष्ट. स्थानकावर येऊन बसलो आणि वरचा पंखा थांबला. वीज गेली. का गेली, ते इथं फक्त मला माहीत. आइस्क्रीमवाली बाई पेटी उघडून बघते नि शिव्या घालते, केंद्रावरचे लोक झोपलेत का म्हणून. थोड्या वेळानं तिनं सगळ्यांना फुकट वाटायला सुरुवात केली. मलाही एक दिलं. मी नको म्हटलं तर म्हणाली, "खा रे, नाहीतर पाणी होईल. तू काय केलंयस, लाजतोस कशाला?" 

खाल्लं मी. दोन्ही हातांवर ओघळलं. पत्राला लागलेले डाग त्याचेच आहेत.

माझं डोकं चालत नाही. बाळासाठी मी हिरवं उपटलं नाही. न उपटल्यामुळे काम जाणार. काम गेलं की तू येणार नाहीस. परत जाऊन उपटलं तर काम कदाचित राहील, पण तुझे दिवस भरलेत, आजउद्यात मोकळी होशील, आणि मी इकडे ओंजळीनं हिरवं ओढत असेन. कुठूनही मोजलं तरी बाळ आणि तू एका बाजूला येत नाही. आपाला विचार म्हटलं होतं, तू विचारलंस का? कुणीतरी एकदा सांगा, काय करायचं.

बस आली. दोन आल्यात. एक पश्चिमेला जाणारी, दुसरी केंद्राकडे परत जाणारी. आइस्क्रीमवाली विचारतेय, कुठली तुझी?


२५ जुलै

बल्झिया,

बातमी तुझ्याकडचीच आहे, ती तुला काय सांगू. पण मला कशी कळली ते सांगतो.

मी परत आलो. शूर होतो म्हणून नाही. पश्चिमेच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि वाटलं, तिकडं पोचल्यावर तुला पत्र लिहावं लागेल. त्यात काय लिहायचं ते सुचेना. म्हणून उतरलो.

काठावर गेलो तर काब्देन-अगा कमरेएवढ्या पाण्यात. पिशवीसकट मला पाहिलं. म्हणाले, "कपडे धुवायला गेला होतास?" मी सगळं सांगितलं, आपाचं, पोटाचं, कोंबांचं. ते ऐकत होते आणि हात चालूच होते. मग म्हणाले, "दर वसंतात पाण्यात पाय घालण्याआधी मी माफी मागतो. मग उपटतो. माझी पाच पोरं आहेत, पाचही आडदांड. तुला कुणी सांगितलं की माफी मागून उपटता येत नाही? विचारलं का नाहीस?"

म्हटलं, "तुम्ही हसला असता."

"हसलो असतो. मग सांगितलं असतं."

त्यांनी माफी कशी मागायची ते शिकवलं. फार काही नाही. बिस्मिल्ला म्हणायचं, तळवा पाण्यावर ठेवायचा, आणि का उपटतोय ते गवताला खरं खरं सांगायचं. मी सांगितलं. माझं जरा लांबलं. अगा म्हणाले, पुरे, गवतालाही कामं आहेत.

मग उतरलो. छातीपर्यंत पाणी, अंगाला नकोसं वाटेल इतकं कोमट. पहिली मूठ ओढली तेव्हा डोळे मिटले होते. मुळं सुटतात ना, तेव्हा हाताला कळतं, बल्झिया. एक हलका झटका. प्रत्येक झटक्याला मला तू दिसायचीस. नंतर हात बधिर झाले आणि दिसायचं थांबलं, ते जास्त वाईट होतं. दोन दिवस असंच. भीती गेली नाही. भीत भीतच उपटलं.

परवा सकाळी मी पाण्यात होतो. रिम्मा गेनरिखोव्ना काठावर आल्या. मला वाटलं, आता काढून टाकतात. त्या म्हणाल्या, "कार्यालयात तुझ्या मेव्हण्याचा फोन आला होता. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

मी तसाच उभा. हातात ओलं हिरवं, कोपरापर्यंत लोंबणारं. बाई म्हणाल्या, "आधी ते टाक, मग रड."

टाकलं. काब्देन-अगांनी माझी टोपी उचलून पाण्यात भिरकावली आणि सगळी टोळी ओरडायला लागली. उजव्या काठाच्या पोरांना काय झालं ते कळलंच नाही, त्यांना वाटलं जाळ्या मोकळ्या झाल्या.

मी अजून गोंधळलेलोच आहे. हिरवं उपटत होतो आणि ती आली. मग आपाचं खोटं का? की माफी पोचली? की तिला यायचंच होतं, गवताशी तिचा काही संबंध नव्हता? काब्देन-अगा म्हणतात, या तिन्हीतलं कुठलंही धर आणि जेव.

कुणासारखी दिसते, एवढं तरी लिही.

येसबोल


१४ ऑगस्ट

बल्झिया,

माझं काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणजे तुला ठरवता येईल. अट तू घातली होतीस आणि मी ती अर्धीच पाळली. बाळ येईपर्यंत इथं होतो हे खरं. मध्ये एक दुपार नव्हतो, हेही खरं.

रिम्मा गेनरिखोव्नांनी लेखी खुलासा मागितला. मी विचारलं, सासूचं नाव लिहायचं का? म्हणाल्या, कारण लिही. मी लिहिलं की बायकोला दिवस गेलेले असताना हिरवं मुळासकट उपटू नये असं सासूनं सांगितलं होतं, म्हणून कालव्याचा डावा काठ उपटला नाही, आणि हे मुकादमांना माहीत नव्हतं. हे शेवटचं मी दोनदा लिहिलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, मग पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "पंप बिघडला, वारा फिरला, कोळसा ओला होता, असले खुलासे मी खूप वाचलेत. हा पहिलाच." हसल्या नाहीत. चष्मा काढत विचारलं, "मुलगी बरी आहे ना?"

मग निकाल दिला. पहिला गारठा पडेपर्यंत माझ्या पट्ट्यात हिरवी काडी दिसली तर मी जायचं. नाही दिसली तर हिवाळ्यातही काम, आणि वसाहतीत एक खोली. काब्देन-अगांच्या नावावर काही लागणार नाही. तेव्हा रोज सकाळी पाण्यात उतरतो. कोंब अजून येतात, चिवट आहेत. तळवा ठेवतो, सांगतो, उपटतो. आता सांगायला फार लागत नाही, गवताची नि माझी ओळख झालीय.

काल तुझं पत्र आलं. पहिलंच. पाकीट जड होतं. आत कापड, गाठ तीच, आणि गाठीत मुलीचं जावळ. कागदावर एकच ओळ.

"तिकडं पाणी गार कधी होतं?"

मी ती ओळ दिवसभर खिशात घेऊन फिरलो. म्हणजे काय? तू बाळाच्या अंघोळीचं विचारतेस? की माझ्या कामाचं? की उगाच हवापाण्याचं, जसं परक्याला विचारतात? काब्देन-अगांना दाखवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, म्हणाले, "मला विचारू नकोस, मी कुर्ताच्या वेळीही चुकलो होतो." चुकले होते की नाही तेही मला माहीत नाही.

मग रिम्मा गेनरिखोव्नांकडे गेलो. नुसतं विचारलं, पाणी गार कधी होतं? त्यांना वाटलं, कामाचंच विचारतोय. मला काट्यापाशी नेलं आणि नीट सांगितलं. ऑगस्टभर फरक नाही, हवा निवली तरी सरोवर ऊन धरून ठेवतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्री गार पडू लागतात. मग एका सकाळी वारा उत्तरेचा होतो. तो सगळं गरम पाणी पलीकडच्या काठाला ढकलून देतो, आणि त्या दिवशी काटा चढायला लागतो, कुणी काही न करता. कोळसा तेवढाच असतो, आग तेवढीच. फक्त आत जागा होते.

बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्या हातातला कागद त्यांनी पाहिला होता. कापडही पाहिलं, गाठ पाहिली. म्हणाल्या, "दुसरा आठवडा लिही. सप्टेंबरचा. उत्तरेचा वारा बोचरा असतो, बाळाला कानटोपी लागेल म्हणावं."

तेव्हा बल्झिया, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. त्याआधी मी रोज सकाळी पाण्यात हात घालून बघीन. बदललं की लगेच कळवीन, आणि या खेपेला फोन करीन, रागावलीस तरी चालेल.

वसाहतीतल्या त्या खोलीची खिडकी सरोवराकडे आहे. फटीतून वारा येतो, ती बुजवायला घेतलीय.

येसबोल